बाविस्कर भाऊ आणि कुंकवाची रॅम

आमच्या टोकरखाड्याच्या घरातल्या सोफ्यावर सिल्वासातला जवळजवळ प्रत्येक ओळखीचा माणूस बसून गेला आहे. शाळेतले मास्तर बसले, पालक बसले, विमा विकणारे बसले, माझी सासुरवाडी तर पाय वर घेऊन बसली. शेजारचे बाविस्कर भाऊ मात्र इतक्या वर्षांत एकदाही टेकले नाहीत. यायचे रोज. "बसा" म्हटलं की "हो हो, बसतो ना" म्हणायचे आणि उभेच राहायचे. एका जागी उभे राहिले असते तरी चाललं असतं. पण हातात चहाचा कप घेऊन ते खिडकीपाशी जात, तिथून फ्रीजपाशी, तिथून मीटरच्या पेटीखाली. चहा संपेपर्यंत आपल्या घरातल्या निदान दोन वस्तू बिघडायला आल्या आहेत, ही बातमी आम्हाला मिळालेली असे.

मी कोकणातला माणूस, त्यात शाळामास्तर. बसायला मिळालं तर उभं राहू नये आणि आडवं व्हायला मिळालं तर बसू नये, या मताचा. माझ्या भिंतीला भिंत लागून नेमके भाऊ यावेत, ही गंमत कुणी केली कोण जाणे. भाऊ मूळचे अमळनेरकडचे. सामरवरणीच्या बाजूला धाग्याचा एक कारखाना आहे, तिथे मेंटेनन्सचे सुपरवायझर. अंगाने किरकोळ, मान सदा पुढे काढलेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. घरात खानदेशी, कामगारांशी हिंदी आणि शेठशी गुजराती बोलत. घाईत असले की तिन्ही एकदम, आणि घाईत नसलेले भाऊ मी पाहिले नाहीत.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलंच नाही. वर पंख्याकडे बघितलं.

"आवाज येऊ राहिला ना भो," म्हणाले.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी स्टूल आणलं होतं आणि हो म्हणेपर्यंत पंखा खाली आला होता. दिवस मे महिन्याचे. वर्तमानपत्रावर पसरलेल्या त्या पंख्याभोवती मी आणि माझी बायको घाम पुसत बसलो होतो आणि भाऊ एकेक भाग कानाशी नेऊन फिरवून बघत होते. संध्याकाळी पंखा परत वर चढला. आवाज मला आधी येत नव्हता तसा नंतरही आला नाही, पण भाऊंचा चेहरा इतका फुलला होता की "आता फार बरं वाटतंय" असं मी बोलून गेलो. तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक फिरणारी, तापणारी आणि गळणारी वस्तू त्यांच्या ताब्यात गेली.

या सगळ्या उलाढालीत त्यांचा एक नियम होता आणि तो ते कुणालाही, कधीही ऐकवत. "एका टायमाला एकच गोष्ट हलवायची, सर. दोन हलवल्या आन मशीन चालू झालं, तर चोर कोण व्हता ते कळत नाही. मग तो घरातच ऱ्हातो." हा नियम ते मशीनला लावत तसा माणसांनाही लावायला जात. माझी पाठ धरली तेव्हा त्यांनी मला आधी फक्त उशी बदलायला लावली, मग फक्त गादी, मग फक्त कूस. डॉक्टरांच्या गोळीने पाठ मोकळी झाली तेव्हा ते जरा नाराजच झाले. उशीचा निकाल अजून लागायचा होता, असं त्यांचं म्हणणं.

एकदा कॉलनीतली आम्ही दोन-तीन घरं वासोण्याला सिंह बघायला गेलो. जाळीच्या बसमधून आत नेतात. एका झाडाखाली सिंहीण पसरली होती, ड्रायव्हरने बस थांबवली, सगळे श्वास रोखून बाहेर बघायला लागले. भाऊ आत, बसच्या फळीकडे बघत होते. खालून काहीतरी ठकठकतंय, असं त्यांचं म्हणणं. थोडा वेळ त्यांनी दम धरला, मग उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दरवाजा खोलो, दो मिनिट नीचे देख के आता हूँ." ड्रायव्हरला आधी वाटलं हा माणूस थट्टा करतोय. मग त्याने भाऊंचा चेहरा बघितला आणि दाराची कडी स्वतःच्या हाताने धरून ठेवली. सिंहिणीने एकदा मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि परत झोपली. शेवटी ती ठकठक माझ्याच सीटखाली लोळणाऱ्या पाण्याच्या बाटलीची निघाली. आम्ही सगळे सिंह बघून आलो, भाऊ बाटली बघून आले, आणि सगळेच सारखे खूश होतो.

मग भाऊंच्या छातीत दुखलं. वापीच्या एका दवाखान्यात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. मी भेटायला गेलो तेव्हा नर्स धापा टाकत आत येत होती, कारण त्यांच्या उशाशी असलेलं यंत्र किंचाळायला लागलं होतं. भाऊंनी बोटाला लावलेला चिमटा स्वतःच काढून बघितला होता. विचारलं तर म्हणाले, घंटी वाजते का नाही ते कुणी तपासलंय का, वेळेवर नाही वाजली तर? नर्सने त्यांना गुजरातीत जे काही ऐकवलं त्याचा अर्थ मला पूर्ण लागला नाही, पण भाऊ पहिल्यांदाच पांघरुणात शिरले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की पळापळ बंद, जिने सावकाश चढायचे, जड उचलायचं नाही. भाऊंनी यातलं जड उचलणं तेवढं बंद केलं.

त्या दुखण्याचा खरा धसका घेतला तो सुनंदा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. बाई आधीपासूनच देवभोळी. त्यांच्या घरात नवी वस्तू कुंकवाशिवाय उंबरठ्याच्या आत येत नसे. कुकर, मिक्सर, मोबाइल, गॅसचं भरलेलं सिलिंडर, सगळ्यांच्या कपाळी हळदीकुंकू. भाऊंच्या स्कूटरला तर इतकी बोटं लागली होती की तिचा मूळ रंग विचारावा लागे. ऑपरेशननंतर वहिनींचा हात आणखी सैल झाला. आणि एकदा लावलेलं कुंकू त्या घरात कुणी पुसत नसे. ते आपोआप झडेल तेव्हा झडेल. त्यामागचं कारण कुणी बोलून दाखवत नव्हतं आणि दाखवायची गरजही नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी मयुरी. भाऊंची मान आणि वहिनींची शांतता घेऊन आलेली. शिकून इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत तिला काम लागलं. काम घरी बसून करायचं. मोठमोठ्या यंत्रांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची, आतला एकेक दात, एकेक खिळा. भाऊंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. यंत्राची पोटं उघडणारी मुलगी, तीही घरात, डोळ्यांसमोर. छातीत कळ आली त्या दिवशी घरात वहिनी एकट्या होत्या आणि त्यांना फोनवर कुणाला काय सांगावं ते सुचेना, ही गोष्ट तिघंही विसरले नव्हते. मयुरी घरात असणं म्हणजे काय, ते त्या घराला माहीत होतं.

नोकरी अजून कच्ची होती. काही महिने बघू, मग पक्की करू, असं पुण्याच्या मॅडमनी सांगितलं होतं. चित्रं मोठी होत गेली तसा मयुरीचा कॉम्प्युटर दमायला लागला. त्याची मेमरी अपुरी पडते, असं निघालं. भाऊंनी मला ते समजावून सांगितलं होतं: कणीक मळायला परात छोटी असली तर पीठ बाहेर सांडणार, तसं. म्हणून मयुरीने एक मोठी रॅम मागवली, बोटभर रुंदीची हिरवी पट्टी. जुनी होती तिच्या शेजारी ही लावायची, की काम झालं.

ती पट्टी आली नेमकी दसऱ्याला. सिल्वासात दसरा म्हणजे कारखान्यांची पूजा. मशीनं धुऊन पुसून हार घालतात, शेठ नारळ फोडतात, कामगारांना पेढे. भाऊ तिकडची पूजा आटोपून कपाळाला टिळा लावूनच घरी आले. मला वरण-बट्टीचं जेवण होतं म्हणून मी त्यांच्याकडेच होतो. वहिनींनी ताट तयार ठेवलं होतं. ताटात टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर, मयुरीचा माउस आणि मधोमध ती नवी रॅम, केळीच्या पानाच्या तुकड्यावर.

वहिनींनी विचारलं, याचं तोंड कुठलं? भाऊ हसत म्हणाले, हे सोनेरी दात आहेत ना, तेच तोंड, सगळं येणं-जाणं इथूनच. वहिनींनी पळीभर पाण्यात हळदीकुंकू कालवलं आणि त्या सोनेरी दातांवर अनामिकेने नीट लावलं. अक्षता टाकल्या. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. मीही केला. मग भाऊंनी अक्षता झटकल्या, पट्टी उचलली आणि आहे तशी कॉम्प्युटरच्या खाचेत दाबून बसवली. कारखान्यात अख्ख्या मशीनला कुंकू लावून वर्षानुवर्षं चालवणाऱ्या माणसाला त्यात वावगं काय वाटणार? मलाही नाही वाटलं. मशीन चालू झालं आणि आम्ही बट्टीवर तूप ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घराला घरघर लागली. कॉम्प्युटर चालता चालता गोठायचा. कधी पडदा निळा व्हायचा, कधी आपोआप बंद पडून परत सुरू व्हायचा. कधी दिवसभर सुतासारखा चालायचा, आणि मयुरीने मॅडमसमोर चित्र उघडलं की नेमका मरायचा. पहिल्यांदा मॅडम हसल्या. नंतर नाही हसल्या. शेवटी त्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत बघू. तोवर तुझं मशीन धड झालं तर उत्तम, नाही तर पुण्याला ये, इथे आमच्या मशीनवर काम कर.

भाऊ कामाला लागले. एका टायमाला एकच गोष्ट. आधी विजेवर संशय. वायर बदलली, सॉकेट बदललं, यूपीएस कारखान्यातून तपासून आणला. मग उष्णतेवर. कॉम्प्युटरचं झाकण काढून समोर टेबल-फॅन लावला. मग धुळीवर. ब्रशने आतला कानाकोपरा झाडला. मग खाचांवर, म्हणून नवी पट्टी कधी या खाचेत, कधी त्या खाचेत. मग आतल्या सगळ्या प्रोग्रॅमवर, ते मयुरीने पुसून नव्याने घातले. दर वेळी थोडा वेळ चालायचं, भाऊ गॅलरीत जाऊन दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहायचे, आणि आतून मयुरीचा आवाज यायचा, "पप्पा, गेलं."

नवी पट्टी काढून ठेवली की मशीन गुण्यागोविंदाने चालायचं, पण मग मोठं चित्र उघडत नसे. म्हणजे चोर कुठे आहे ते शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. मयुरी म्हणाली, परत पाठवू, दुसरी मागवू. वहिनी म्हणाल्या, पूजा केलेली वस्तू परत पाठवतात का कुणी? आणि दात लाल-पिवळे झालेली पट्टी कंपनी तरी कशाला परत घेईल, हा प्रश्न होताच. भाऊ मला स्कूटरवर मागे बसवून बाजारात एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. दुकानदार गुजराती. त्याने पट्टी हातात घेतली, कुंकू बघितलं, आपल्या कपाळाला बोट लावलं आणि अगदी सांभाळून ती त्याच्या मशीनमध्ये बसवली. बराच वेळ चालली. "भाई, माल बराबर छे," तो म्हणाला, "पूजा की हुई चीज़ है, इसको कुछ नहीं होगा." भाऊंनी तेवढं वाक्य घरी येऊन वहिनींना सांगितलं, आणि तिथे त्या पट्टीवरचा संशय संपला.

येताना मात्र त्यांनी वाटेत स्कूटर बाजूला घेतली. मला वाटलं, आता हिच्यात काही आवाज ऐकू आला. पण ते नुसते हॅण्डल धरून उभे राहिले.

"सर, मी शेठजवळ कधी हरलो नाही. काहीही बंद पडू द्या, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो," ते म्हणाले. "आन इथं माझी पोरगी घरातून जाऊ राहिली, ते पण एका पट्टीसाठी. मला दुसरं काही नको हो. ती घरात ऱ्हायली पाहिजे."

होईल सगळं नीट, असं काहीतरी पुटपुटलो. मला त्यांच्या छातीची काळजी वाटत होती.

त्या दिवसांत ते अधिकच हडकले. कारखान्यातून आले की जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचे, वहिनी वरून ओरडायच्या. जेवताना ताट हातात घेऊन कॉम्प्युटरभोवती फेऱ्या. माझ्याकडे यायचे ते चहासुद्धा अर्धा ठेवून जायचे, आणि आमचा फ्रीज खुशाल आवाज करत असायचा, त्यांचं लक्ष नसायचं. मयुरी निमूट बसलेली असायची. दुपारी तिची पुण्याची मंडळी पडद्यावर एकत्र डबे खाताना दिसायची, हसायची, ही इकडे आपली पोळी-भाजी घेऊन त्यांच्याकडे बघत खायची. मशीन मरायचं तेव्हा ती मंडळीही एकदम नाहीशी व्हायची. तिला काय वाटत होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे पट्टीच्या मागे लागलो होतो.

दिवाळीच्या आधीचा रविवार. दुसऱ्या दिवशी मयुरीला मॅडमना एक पूर्ण यंत्र उघडून दाखवायचं होतं आणि त्यावर सगळं ठरणार होतं. दुपारी मी डोकावलो तर कॉम्प्युटर चादरीवर उघडा पडला होता आणि भाऊ चक्क खाली उकिडवे होते. वहिनी दाराशी मेथी निवडत होत्या. भाऊंनी जुनी पट्टी काढली, खोडरबरने तिचे दात घासले, उजेडाकडे धरून बघितले, चकाकायला लागले तेव्हा ती बसवली. मग नवी काढली. तिला दोन कडांनी धरलं, हलकी फुंकर मारली आणि तशीच परत बसवायला गेले.

"पप्पा," मयुरी म्हणाली. "एका वेळी एक म्हणता ना तुम्ही? सगळं एकेक करून झालं. एकच राहिलंय."

भाऊंचा हात तिथेच थांबला. वहिनींनी मेथीतून वर बघितलं आणि विचारलं, काय राहिलंय? मी चादरीची नक्षी बघायला लागलो. मयुरीला ते कधीपासून माहीत होतं, देव जाणे. आणि भाऊंना? त्यांनी ती पट्टी इतक्या वेळा हाताळली होती, दातांवर सुकलेला तो लाल पापुद्रा त्यांना दिसला नसेल, हे माझा जीव गेला तरी मला पटणार नाही. दिसला होता. पण तो तपासायच्या गोष्टींत त्यांनी धरलाच नव्हता.

"मयुरीची आई," शेवटी ते म्हणाले, "ते कुंकू."

वहिनींचा हात नकळत कपाळाकडे गेला. मेथीची पानं मांडीवरून खाली सांडली. "ते नाही पुसायचं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही तर बिलकुल नाही. आत्ता कुठं मरणाच्या दारातून आले तुम्ही."

भाऊंनी बायकोकडे बघितलं. मग मुलीकडे. मग ती पट्टी हळूच चादरीवर ठेवली, खोडरबर तिच्या शेजारी ठेवला आणि उठून उभे राहिले. "नाही पुसत," ते म्हणाले. "जाऊ दे तिला पुण्याला."

बिघाड सापडलेला असताना तो तसाच सोडणारे बाविस्कर भाऊ मी त्या दिवशी पाहिले, आणि मला ते बघवलं नाही. उठून जावं असं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं. भाऊ गॅलरीत गेले. मयुरी डोळे पुसत वायरी गोळा करायला लागली. वहिनींनी सांडलेली मेथी एकेक पान करून गोळा केली. मग उठल्या, हात धुतले, देवघरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्यावर, बाहेरच्या बाजूला, त्यांनी ठसठशीत बोट उमटवलं. ते नीट लागलंय का, वाकून बघितलं.

"आधी इथं लावलं," त्या मला उद्देशून म्हणाल्या, जणू माझी परवानगी हवी होती. "आता तिथलं काढते. मधे रिकामं नाही ऱ्हायलं ना, भाऊजी?"

नाही राहिलं, असं मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. वहिनींनी खोडरबर उचलला. तोंडाने काहीतरी पुटपुटत, लहान बाळाचं तोंड पुसावं तशी त्यांनी ती पट्टी दोन्ही बाजूंनी घासली. गॅलरीतून भाऊ परत आले होते, पण जवळ आले नाहीत. दारातूनच सांगत राहिले, असं नाही, आडवं नाही, उभं घासा, जोर नका लावू. मग मयुरीने दोन्ही खाचा ब्रशने आणि ब्लोअरने साफ केल्या. आतून थोडी लाल भुकटी उडाली. अमुक खाचेत चालते, तमुक खाचेत गोठते, असा आठवडाभर चाललेला गोंधळ आता कळला. पट्टी जाईल तिथे कुंकू घेऊन जात होती.

मशीन चालू झालं. भाऊंनी सगळ्यात मोठं चित्र उघडायला लावलं, मग त्याच्या जोडीला आणखी एक, मग आणखी. पडदा हलला नाही. संध्याकाळपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशी मयुरीने मॅडमना अख्खं यंत्र उलटसुलट फिरवून दाखवलं, आणि दिवाळीच्या आत तिची नोकरी पक्की झाली. घरी बसून कर, काही हरकत नाही, असं मॅडमनी स्वतःहून सांगितलं. भाऊंनी कॉलनीभर पेढे वाटले. ते वाटताना प्रत्येकाच्या घरात एकेक फेरी मारून आले, आणि आमचा फ्रीज आवाज करतो ही गोष्ट त्यांच्या परत लक्षात आली.

भाऊबीज झाली आणि एके सकाळी भाऊ आमच्याकडे आले. खिडकीपाशी गेले नाहीत, मीटरपाशी गेले नाहीत. दाराच्या आत उभे राहून म्हणाले, मयुरी पुण्याला जायचं म्हणते आहे.

मी म्हटलं, मशीन तर चालू आहे ना? भाऊ म्हणाले, हेच मी तिला विचारलं. तर तिने काय उत्तर द्यावं? ते वाक्य त्यांनी मला तिच्या शब्दांत जसंच्या तसं सांगितलं. "पप्पा, मशीन चालू आहे म्हणूनच विचारते. बंद असताना गेले असते तर तुम्ही हरलात म्हणून गेले असते. आता मला जायचंय म्हणून जाते."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

ते म्हणाले, तिला विचारलं की पुण्याला खोलीत अर्थिंग नीट आहे का ते बघायला येऊ का. तिने हो म्हटलं.

मी भाऊंना शेवटचं नीट पाहिलं ते मयुरी गेली त्या दिवशी. पुढे लवकरच माझी बदली झाली, आम्ही सिल्वासा सोडलं, आणि मग सगळं फोनवर. त्या सकाळी आम्ही चौघं पुण्याच्या बसला गेलो. कॉम्प्युटर भाऊंनी स्वतः बांधला होता. आधी घोंगडी, मग थर्माकोल, मग खोकं. दोन्ही रॅमच्या पट्ट्या त्यांनी काढून घेतल्या होत्या. रस्त्यात खड्डे आहेत, हादऱ्याने सैल होतील, त्या तू तुझ्या पर्समध्ये ने, असं मयुरीला सांगितलं होतं. कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवल्या होत्या, बसमध्ये बसली की द्यायच्या म्हणून.

मग बस लागली. खोकं कुठे ठेवायचं यावरून भाऊंचं कंडक्टरशी वाजलं. ते मिटेपर्यंत वहिनींनी मयुरीला डबे दिले, पाण्याची बाटली दिली, रडून घेतलं. भाऊ खिडकीखालून बसच्या चाकांकडे बघून आले. हवा बरोबर आहे म्हणाले. बस सुटली, वळली, मयुरीचा हात दिसेनासा झाला. आम्ही तिघं उगाच त्या दिशेला बघत होतो. भाऊंनी सवयीने टेस्टर चाचपायला खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी हाक मारेपर्यंत ते पळत सुटले होते. डॉक्टर, छाती, वहिनींचा आरडाओरडा, सगळं मागे टाकून तो किरकोळ माणूस रिक्षांच्या मधून, हातगाड्यांना वळसा घालून, कागदाची पुडी डोक्यावर धरून पळत होता. पुढे गर्दीत बस अडली होती म्हणून बरं. त्यांनी बसच्या पत्र्यावर थापा मारल्या. कंडक्टरने बाहेर डोकं काढून त्यांना भरपूर ऐकवलं. खिडकीतून मयुरीचा हात खाली आला, पुडी वर गेली, आणि बस हलली.

आम्ही त्यांना गाठलं तेव्हा ते एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. वहिनींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पदराने घाम टिपला, आणि त्यांना जरा दम घेऊ दिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्यायच्या होत्या ना खिशात. उद्या गेलो असतो द्यायला. भेट तरी झाली असती."

भाऊंनी बस गेली त्या रस्त्याकडे बघितलं.

"आन तिचं मशीन बंद ऱ्हायलं असतं ना तोवर," ते म्हणाले.